पांढऱ्या कड्यावरचा ठिपका

३ फेब्रुवारी

आज मला पांढऱ्या खोलीतून काढलं आणि काळ्या खोलीत टाकलं.

हे सांगायचं कोणाला? घरात माणसं दोन. एक हे. ते आधीपासून काळ्या खोलीतच आहेत, त्यामुळे त्यांना आनंदच झाला. "बरं झालं, दिवसभर डोळ्यांसमोर राहशील," म्हणाले. दुसरी माझी नणंद, आणि हे सगळं तिचंच कर्तृत्व. म्हणून आजपासून ही वही. भांड्यांच्या कपाटात मोठ्या पातेल्याखाली ठेवणार आहे. तिथे राणीसरकारांचा हात कधी जात नाही.

४ फेब्रुवारी

काल घाईत लिहिलं. आज नीट लिहिते, म्हणजे पुढे कधी मन मऊ झालं तर वाचून पुन्हा घट्ट करता येईल.

आमच्या कारखान्यात घड्याळाच्या काचेभोवती बसतं ते कडं बनतं. सिरॅमिकचं. शेजारीण विचारते, "म्हणजे कपबशीचं?" मी हो म्हणून मोकळी होते. आधी मैद्याहून बारीक पीठ येतं. ते मेणात मळून त्याचे दाणे करतात, दाणे वितळवून साच्यात दाबतात. साच्यातून निघतं ते कच्चं कडं. खडूसारखं असतं, नख लागलं तरी ओरखडा उठतो. त्याच्या सांध्यावरची कोर ब्लेडने खरवडायची आणि मऊ ब्रशने झाडून घ्यायचं, हे माझं काम. होतं. त्यानंतर मंद भट्टीत आतलं मेण जळून जातं, मग मोठ्या भट्टीत कडं भाजतं, पाचव्या हिश्श्याने आक्रसतं आणि असं कडक होतं की हिऱ्याच्या चाकाशिवाय कशाला दाद देत नाही. म्हणजे कच्चेपणी जे चिकटलं ते जन्माचं चिकटलं.

काळ्या कड्याच्या पिठात रंग असतो. त्यातला एखादा कण पांढऱ्या कच्च्या कड्यावर बसला तर डोळ्यांना दिसत नाही. भाजून, घासून, चकाकी चढवली की मग करडा ठिपका वर येतो आणि इतक्या जणांची मेहनत कचऱ्यात जाते. म्हणून दोन खोल्या वेगळ्या, दारं वेगळी, झगे वेगळे.

इतकी वर्षं माझ्या टेबलावरून ठिपका गेला नाही. डिसेंबरात सगळ्यांना नव्या टोप्या मिळाल्या. इलॅस्टिक कपाळाला असं चावतं की संध्याकाळी लाल वळ दिसतो. मी आपली आतून यांचा चौकटीचा रुमाल बांधायला लागले, धुऊन धुऊन मऊ झालेला आहे. जानेवारीत माझ्या लॉटला ठिपके आले. पुढच्याही लॉटला आले. भिंगवाल्या साहेबांनी (कपाळावर भिंग चढवूनच जेवतात, म्हणून हे नाव) हवा गाळायच्या जाळ्या बदलल्या, साचा उकलला, भट्टी झाडून घेतली. काही सापडेना, तेव्हा माणसांवर घसरले.

नणंद त्याच खोलीत दाबयंत्रावर होती. परवा पॉलिशवाल्या मावशींनी मला कोपऱ्यात ओढलं. "तुझी नणंद साहेबांच्या केबिनमध्ये होती. वहिनीला काळ्यात टाका म्हणत होती. मी या कानांनी ऐकलं."

आणि आज माझ्या टेबलावर, माझ्या दिव्याखाली, माझ्या खुर्चीवर कोण बसलंय? राणीसरकार. खुर्ची उंच करून घेतली म्हणे.

ज्या दाराने मी बाहेर पडले त्याच दाराने हिला बाहेर काढीन. तोवर गोड बोलायचं.

७ फेब्रुवारी

गोड बोलणं जमत नाही. आज स्वयंपाकघरात आली. मी भांडी घासत होते. दोनदा घसा खाकरला. मग म्हणाली, "वहिनी, जरा बोलायचं होतं. त्याचा तो रुमाल तू डोक्याला..."

मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "वन्सं, माझी खुर्ची घेतलीत. आता नवऱ्याच्या रुमालावरही डोळा आहे का?"

तोंड एवढंसं झालं. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मला इतकं बरं वाटलं की राहिलेली भांडी मी गुणगुणत घासली.

तिचा तोरा तर पहिल्यापासूनच आहे. सख्खा भाऊ स्कूटरवरून कारखान्यात जातो, पण ही मागे बसणार नाही, चालत जाणार. आमच्याबरोबर जेवणार नाही, आधी जेवून ताट धुऊन मोकळी. तिचे कपडे आमच्या कपड्यांत टाकायचे नाहीत, ते वेगळ्या बादलीत भिजणार आणि तिच्या खिडकीतच वाळणार. मी नवी लग्न होऊन आले तेव्हा यांना विचारलं होतं, तुमच्या बहिणीला आपली घाण वाटते का? हे हसले. म्हणाले, "ताई पहिल्यापासून अशी नव्हती. पांढऱ्या खोलीत गेली आणि बदलली." पांढऱ्या खोलीची मिजास, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी

काळी खोली. इथे सगळं खपतं. ठिपका पडला तरी काळ्यात काळा, कोण बघतंय? दाणे तोलायचे, यंत्राच्या नरसाळ्यात ओतायचे. जेवायच्या सुट्टीत हे आणि मी एका डब्यात जेवतो. इथली माणसं गाणी म्हणतात, एकमेकांच्या बायकांची चेष्टा करतात. पांढऱ्या खोलीत आम्ही श्वाससुद्धा जपून घ्यायचो.

मला इथे आवडतंय असं मुळीच नाही.

यांचे रुमाल धुणं हा एक वेगळाच उद्योग आहे. तिसऱ्या पाण्यालाही करडं निघतं. चौकटीचे असतात म्हणून कळत नाही, पांढरे असते तर दुकानदाराला परत केले असते. मी इथेही रुमाल बांधतेच, टोपी तीच आहे.

१८ फेब्रुवारी

राणीसरकारांचे दोन लॉट आले. एक ठिपका नाही.

भिंगवाल्यांनी सगळ्यांसमोर कडं दिव्याखाली फिरवून दाखवलं. "याला म्हणतात हात," म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण न बघण्याची पण एक तऱ्हा असते. म्हणजे ठरलंच की, दोष माझ्या हातात होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले, नंतर उठून तिच्यासाठी चहा केला. तिने कप घेतला आणि म्हणाली, "काळ्यात बरं वाटतंय का गं तुला?"

जखमेवर मीठ कसं चोळावं हे हिच्याकडून शिकावं.

२० फेब्रुवारी

आज भिंगवाले वाटेत भेटले. "नणंदेचे आभार मान. मी तुला घरीच पाठवणार होतो. ती आली आणि म्हणाली, काढू नका, हवं तर काळ्यात टाका. म्हणून राहिलीस."

घ्या. म्हणजे खुर्चीही तिने घ्यायची आणि उपकारही तिनेच करायचे! असल्या उपकारापेक्षा मला हाकललं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडायला तोंड राहिलं असतं.

शिवाय मोठं काम आलंय. एका घड्याळवाल्यांना सगळी कडी पांढरी हवीत. पहिला लॉट पसंत पडला तर पांढऱ्या खोलीत आणखी टेबलं लागणार आणि त्या सगळ्यांची मुख्य राणीसरकार होणार. मावशींनी सांगितलं. मावशींना सगळं कळतं आणि त्या सगळं सांगतात.

मुख्य व्हायची मी होते.

२४ फेब्रुवारी

केलं.

खरवडकाम करणारीचा ब्रश तिचा तिचा असतो. सुट्टी व्हायच्या आधी धुऊन बाहेरच्या बेसिनवर खुंटीला उलटा टांगायचा, वाळला की सकाळी आत न्यायचा. बेसिन दोन्ही खोल्यांना एकच आहे. तिच्या ब्रशाला तिने मुठीला पांढरा दोरा गुंडाळलाय, ओळखायला. दोऱ्याचीही गाठ कशी सुबक. मला ती गाठ बघूनच संताप आला.

नखाखाली काळं पीठ घेऊन गेले होते. ब्रशाच्या केसांच्या मुळाशी बोटाने दाबून बसवलं, वरून दिसणार नाही असं. हात धुतले. आरशात बघितलं तर चेहरा रोजच्यासारखाच होता. मला वाटलं होतं काहीतरी वेगळं दिसेल.

घरी आल्यावर यांनी विचारलं, आज एवढी खुशीत का? म्हटलं, काही नाही, दिवस चांगला गेला.

२५ फेब्रुवारी

राणीसरकार आज नेहमीपेक्षा उशिरा घरी आल्या. जेवल्या नाहीत. मला वाटलं आता काही बोलतील. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "दिवा मालव, डोळ्यांवर येतोय."

५ मार्च

मोठ्या लॉटची कडी पॉलिशच्या पिंपातून निघाली. ठिपकेच ठिपके. मावशी धावत काळ्या खोलीच्या दाराशी आल्या, आत यायला बंदी म्हणून बाहेरूनच हातवारे करून सांगितलं. मी दाणे तोलत होते, काटा हलू दिला नाही.

भिंगवाल्यांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. किती बोलले, काय काय बोलले! "वहिनीची जागा घ्यायला बरी पुढे आलीस," हेही म्हणाले. मी मागच्या रांगेत होते. ती आता रडेल, आता हात वर करेल, माझ्यावर ढकलेल, अशी मी वाट बघत होते. ती उभी राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "माझ्याच टेबलावरून गेलंय."

आनंद झाला का? झाला. खोटं कशाला लिहू, या वहीत तरी. त्या वेळी तर असं वाटलं की टाळ्या वाजवाव्यात. तिने एकदाही "मी नाही केलं" म्हटलं नाही, हे मात्र रात्री ताटं उचलतानाही डोक्यातून गेलं नाही. निर्दोष माणूस ओरडतो. मी ओरडले होते. म्हणजे तिच्या मनात काहीतरी काळंबेरं असणारच.

७ मार्च

घड्याळवाल्यांनी आणखी एक संधी दिली. भिंगवाल्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सोमवारपासून तू परत तुझ्या टेबलावर. तुझी नणंद म्हणाली, वहिनीचा हात चांगला आहे, तिलाच आणा." मग भिंग डोळ्यावर ओढून, मीच जणू एखादं कडं असल्यासारखं माझ्याकडे बघत म्हणाले, "यात ठिपका आला तर तू घरी. कोणी कितीही मध्ये पडलं तरी. तुझ्या नणंदेने स्वतः सांगितलंय, या खेपेला मी मध्ये पडणार नाही."

पडू नका म्हणावं! मला कोणाच्या मध्यस्थीची गरज नाही. मी जिंकले. पातेल्याखालून वही काढून हे वाक्य लिहायची किती दिवस वाट बघत होते. मी जिंकले.

१० मार्च

खुर्ची खाली करून घेतली. दिवा माझ्या बाजूला वळवला. जुना रुमाल शकुनाचा म्हणून तोच बांधला.

एक गंमत. आज सकाळी राणीसरकार यांच्या स्कूटरवर मागे बसल्या! पाय एका बाजूला सोडून, भावाचा खांदा धरून. माझ्या जागी काळ्या खोलीत जायची वेळ आली आणि तोरा गळून पडला. हे म्हणाले, "तू चालत ये ना, जवळच तर आहे. ताईला किती वर्षांनी बसवलंय." स्कूटरवर जागा दोघांचीच. मी चालत गेले. वाटेत चपलेचा अंगठा तुटला.

१४ मार्च

जेवायच्या सुट्टीत काळ्या खोलीच्या काचेतून बघितलं. बहीण-भाऊ एका डब्यात जेवत होते. तिने काहीतरी सांगितलं आणि सगळी खोली हसली. ही माणसांना हसवते? आमच्या घरात कधी हसवलं नाही.

रात्री आमच्याबरोबर जेवायला बसली. स्वतःहून. यांचे कपडे आणि तिचे कपडे एकाच बादलीत भिजत होते. मी विचारलं, "वन्सं, आता आमची घाण वाटत नाही वाटतं?"

"कधीच वाटत नव्हती," म्हणाली आणि तिने यांच्या ताटातलं उचलून खाल्लं.

मी जागच्या जागी चरफडले. मुख्य मी होणार, नवी टेबलं माझ्या हाताखाली येणार, आणि घरात उत्सवमूर्ती ही!

२१ मार्च

आज पिंपातून पहिली कडी निघायची होती. मी मावशींच्या शेजारीच उभी होते. मावशींनी पहिलं कडं पाण्यातून काढून पुसलं आणि माझ्या हातात दिलं, मान म्हणून. गार, गुळगुळीत, दुधासारखं. मी ते दिव्याखाली फिरवलं.

ठिपका. बाराच्या खुणेशेजारी, मोहरीच्याही निम्मा.

दुसरं कडं घेतलं. त्यावर दोन. मावशींनी तोंडावर हात ठेवला. माझ्या डोक्यात एकच आलं, तिने सूड घेतला. माझ्या ब्रशात भरलं. मी कडं मुठीत धरून तशीच बेसिनपाशी धावले. ती हात धूत होती.

"वन्सं, काय केलंत तुम्ही?"

तिने नळ बंद केला. माझी मूठ उघडून कडं बघितलं. मग म्हणाली, "टोपी काढ."

"काय?"

"टोपी काढ वहिनी. आणि आतलं ते सोड."

मी का ऐकलं माहीत नाही. रुमाल सोडला. तिने खिशातून पांढरी चिंधी काढली, ओली केली आणि रुमालाच्या दुमडलेल्या शिवणीवरून ओढली. चिंधीवर करडी रेघ उठली. ती रेघ बघितली आणि डिसेंबर, जानेवारी, नव्या टोप्या, तिसरं पाणी, सगळं एका मागोमाग एक माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

"शिवणीतून निघतच नाही ते," ती म्हणाली. "घाम आला की गळतं. म्हणून मी इतकी वर्षं त्याच्या स्कूटरवर बसले नाही. एका ताटात जेवले नाही. तुला सांगायला आले होते, स्वयंपाकघरात. तू काय म्हणालीस, आठवतंय?"

आठवत होतं. वहीतही लिहिलेलं होतं.

"साहेबांना तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा? रुमालाचं कळलं असतं तर बाहेरचं कापड आत नेऊन नियम मोडला म्हणून तू त्याच दिवशी घरी गेली असतीस. काळ्यात राहिलीस तर निदान नोकरी राहील, असं वाटलं मला. मूर्ख होते."

मी काहीतरी बोलणार होते. तिने खुंटीवर टांगलेल्या ब्रशांकडे बोट केलं. "माझ्या ब्रशात मात्र बोटाने दाबून भरलं होतं. दुसऱ्या दिवशी धुताना दिसलं. तोवर लॉट भट्टीत गेला होता."

"मग सगळ्यांसमोर गप्प का उभ्या राहिलात?"

"बोलून काय झालं असतं? भावाच्या बायकोवर लबाडीचा आळ, आणि पुरावा काय, माझा शब्द." तिने चिंधी पिळून नीट घडी घातली. "त्यापेक्षा तुला खुर्ची द्यावी म्हटलं. रुमाल तुझ्या डोक्यावर होताच."

हे तिने आवाज न चढवता सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर मी तो चेहरा बघितला, जो मी बेसिनवरच्या आरशात शोधत होते आणि मला दिसला नव्हता.

भिंगवाले काही फारसं बोलले नाहीत. झगा काढून ठेव म्हणाले. रुमालाचं मी त्यांना सांगितलं नाही, ब्रशाचंही नाही. सांगून तिला माझ्यावर दया करायची संधी कशाला देऊ?

फाटकाबाहेर आले तर हे स्कूटर चालू करून उभे होते आणि ती मागे बसलेली. यांना कोणीतरी सांगितलं असावं, चेहरा कावराबावरा झाला होता. "अगं, रडू नकोस, बघू आपण काहीतरी," असं म्हणत यांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्यापुढे धरला. चौकटीचा.

मी त्या रुमालाकडे बघत उभी राहिले. हात पुढे होईना.

ती भावाच्या खांद्याआडून वाकली आणि अगदी मायेने म्हणाली, "पूस ना वहिनी. आता तुला कुठे पांढऱ्यात जायचंय?"

मी डोळे पुसले. मग चालत घरी आले.